गोल्फ कोच व्हायचंय? आधी सहाव्या मुलीचा विचार कर

प्रश्न थोडक्यात असा. पुण्याची एक मुलगी, वय २२, अमेरिकेत गोल्फच्या शिष्यवृत्तीवर बिझनेसची पदवी घेते आहे. येत्या मे महिन्यात पदवी हातात पडेल. १८ होलच्या राउंडला सरासरी स्कोअर ७६ (गोल्फमध्ये फटके जितके कमी तितका खेळ चांगला), प्रोफेशनल टूरवर जायचं नाही हे तिचं ठरलेलं आहे. ती विचारते: "कॉलेजच्या मुलींच्या संघाची कोच म्हणून करिअर होऊ शकतं का? माझा खेळ त्यासाठी पुरेसा आहे का? आणि आई-बाबांना काय सांगू? ते म्हणतात, एवढा खर्च करून शेवटी पी.टी.च्या बाईच व्हायचं होतं का?"

तू माझ्या भाचीच्या वयाची आहेस, म्हणून अगं-तुगं करूनच लिहिते. मीही पुण्याचीच. येरवड्याच्या कोर्सवर बाबांच्या मागे चालत चालत हा खेळ शिकले, तुझ्यासारखीच शिष्यवृत्तीवर इकडे आले आणि गेली १८ वर्षं कॉलेज गोल्फमध्येच आहे. दोन वर्षं ग्रॅज्युएट असिस्टंट, म्हणजे मास्टर्स करता करता कोचच्या हाताखाली काम, मग पाच वर्षं असिस्टंट कोच, अकरा वर्षं हेड कोच. माझं विद्यापीठ डिव्हिजन वनमधलं, म्हणजे कॉलेज खेळांच्या सगळ्यात वरच्या गटातलं आहे, पण अमेरिकन फुटबॉलच्या पैशावर चालणाऱ्या बड्या विद्यापीठांच्या रांगेतलं नाही. हे आधी सांगते, कारण बड्या ठिकाणी हेच काम बऱ्याच वेगळ्या पद्धतीने होतं.

तू विचारलंस की ७६ पुरेसे आहेत का. माझ्या मते तुझा खरा प्रश्न तो नाही. तू असं धरून चालली आहेस की कोच म्हणजे खेळ शिकवणारी बाई, त्यामुळे जितका खेळ चांगला तितकी कोच चांगली. आई-बाबांच्या डोक्यातही तेच चित्र आहे, फक्त त्यांना ते कमी प्रतीचं वाटतं. पण या कामात स्विंग शिकवण्याचा वाटा फार लहान आहे. माझ्याकडे येणाऱ्या मुली आठव्या-दहाव्या वर्षापासून खेळत आलेल्या असतात. प्रत्येकीचा घरचा एक कोच असतो, कुणाचा बँकॉकमध्ये, कुणाचा बंगळूरमध्ये. त्याने दहा वर्षांत बसवलेला स्विंग मी सप्टेंबरात मोडायला घेतला तर फेब्रुवारीत ती मुलगी कुठलीच राहत नाही. त्या कोचशी मी बोलते, व्हिडिओ पाठवते, आमचं दोघांचं सांगणं जुळतंय ना ते बघते, आणि वेजचे जवळचे फटके, पुटिंग म्हणजे होलजवळच्या हिरवळीवरचे, ग्रीनवरचे फटके, आणि कोर्सवरचे निर्णय यांवर स्वतः काम करते. खरा प्रश्न हा आहे की १८ ते २२ वयाच्या आठ-नऊ मुलींच्या आयुष्यातली चार वर्षं अंगावर घ्यायची तुझी तयारी आहे का. शिवाय परदेशी माणसाला इथे ही नोकरी मिळवताना कागदपत्रांचा जो डोंगर चढावा लागतो, तो चढायची आहे का.

परवाचा आठवडा सांगते, म्हणजे काम कसं असतं ते कळेल. रविवारी पहाटे पाचला पाच मुली, माझी असिस्टंट आणि मी व्हॅनमधून निघालो. सहा तासांचा रस्ता, व्हॅन मीच चालवते. दुपारी सरावाचा राउंड, संध्याकाळी हॉटेलच्या लॉबीत दोघींच्या ऑनलाइन परीक्षा. सोमवारी ३६ होल, म्हणजे सकाळी आठला सुरू करून उजेड संपेपर्यंत. हे तू चार वर्षं केलं आहेस, पण खेळाडूच्या बाजूने. कॉलेज गोल्फमध्ये कोचला खेळ चालू असताना सल्ला देता येतो. त्यामुळे मी दिवसातला बराच वेळ एखाद्या पार-थ्रीच्या, म्हणजे तीन फटक्यांच्या होलच्या टीवर, जिथून पहिला फटका मारतात तिथे, उभी असते. पहिल्या मुलीचा चेंडू वाऱ्यामुळे किती मागे पडला ते बघायचं आणि मागून येणाऱ्या चौघींना एक क्लब जास्त, म्हणजे चेंडू थोडा लांब नेणारा, घ्यायला सांगायचं. कुणाला मात्र काहीच सांगायचं नाही, नुसतं केळं आणि पाणी हातात द्यायचं. कोणाला काय हवं हे ओळखायला मला प्रत्येक मुलीमागे एक वर्ष लागतं. मंगळवारी १८ होल, परत सहा तास, मध्यरात्री कॅम्पस. बुधवारी सकाळी आठला एकीची केमिस्ट्रीची लॅब होती, तिला मी उठवायला फोन केला. त्यानंतर हॉटेलची बिलं, पेट्रोलच्या पावत्या आणि नियमपालन विभागाचा तासांचा तक्ता.

तो तक्ता फार गांभीर्याने घ्यावा लागतो. एनसीएएच्या, म्हणजे कॉलेज खेळांच्या राष्ट्रीय संघटनेच्या नियमाने हंगामात सराव-स्पर्धा मिळून आठवड्याला २० तास, दिवसाला चार तास आणि आठवड्यातून एक पूर्ण सुट्टी. स्पर्धेचा दिवस कितीही लांबला तरी तीनच तास धरला जातो, म्हणून तो दहा तासांचा सोमवार कागदावर तीन तासांचा दिसतो. मुलींचं थकणं मात्र दहा तासांचंच असतं. नियम पाळून झाला म्हणजे जबाबदारी संपली असं मानणाऱ्या कोचच्या हाताखाली मी स्वतः राहिले आहे. तेव्हाच ठरवलं होतं की अशा स्पर्धेनंतरचे दोन दिवस आपल्याकडे क्लब हातात घ्यायचा नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येते. तुझ्या कोचला तू चार वर्षं पाहिलंस, पण एक भाग तुला दिसला नसणार. तू खेळणाऱ्या पाच जणींत असलीस तर नाहीच.

संघात आठ-नऊ मुली असतात आणि स्पर्धेत पाच खेळतात. प्रत्येक राउंडला पाचांपैकी चार स्कोअर धरले जातात, सगळ्यात वाईट तो सोडून दिला जातो. या साध्या गणितातून लाइनअपची, म्हणजे खेळणाऱ्या पाच जणींच्या यादीची सगळी गुंतागुंत निघते. पाचवी जागा कुणाला द्यायची? एक मुलगी आहे, आज ७१, उद्या ८०. दुसरी आहे, रोज ७५ किंवा ७६. पहिल्या चौघी ठाम असतील तर पहिलीला घ्यावं. तिचे ८० धरलेच जाणार नाहीत आणि ७१ आले तर सोनं. पण चौघींपैकी एक आजारातून उठलेली असेल, तर मला रोजची ७५ हवी. राष्ट्रीय स्पर्धेत २०१५ पासून मुलींसाठी शेवटी आठ संघांची मॅच प्ले, म्हणजे एकीविरुद्ध एक अशा लढती, ठेवली आहे. तिथे पाच लढती आणि तीन जिंकायच्या. तिथे सोडून देण्यासारखा स्कोअर उरतच नाही, पाचवी मुलगीही पहिलीइतकीच मोलाची. म्हणजे एकाच संघाची पाचवी खेळाडू स्पर्धेचा प्रकार बदलला की बदलू शकते. हे मुलींना ऑगस्टमध्ये, कुणाचंच नाव चर्चेत नसताना, फळ्यावर लिहून समजवावं लागतं. मार्चमध्ये समजवायला गेलं तर ते सबब वाटतं.

निवड कशी करायची यावर कोच लोकांत कायम मतभेद असतात. काही जण संपूर्ण निवड क्वालिफायिंगच्या, म्हणजे संघातल्या मुलींच्या आपापसांतल्या निवड राउंडच्या स्कोअरवर सोडतात. ते न्याय्य दिसतं आणि कोचला कुणाच्या डोळ्यांत बघावं लागत नाही. मला ते पटत नाही. चार दिवस वारा एका बाजूने आला म्हणून एखादी राहते, आणि कोच म्हणतो, आकडेच बोलले. याउलट सगळंच कोचच्या मनावर ठेवलं तर मुली खेळण्याऐवजी कोचचा चेहरा वाचत बसतात. माझ्याकडे तीन जागा स्कोअरने आणि दोन माझ्या निर्णयाने ठरतात. तो निर्णय कशावर घेणार ते वर्षाच्या सुरुवातीला लेखी दिलेलं असतं. हे सगळीकडे चालेल असं नाही. सहाच मुलींचा संघ असेल तर एवढा व्याप करायची गरज नाही.

पण पद्धत कुठलीही असो, शेवटी एक मुलगी सहावी असते. मी हेड कोच झाले त्याच्या तिसऱ्या वर्षी कॉन्फरन्स, म्हणजे आमच्या गटातल्या विद्यापीठांच्या स्पर्धेच्या आधी दोघी पाचव्या जागेसाठी बरोबरीत होत्या. मी अनुभवी मुलीला घेतलं. तो निर्णय मला आजही योग्य वाटतो. मात्र तो मी दुसरीला रात्री दहा वाजता मेसेज करून कळवला. दुसऱ्या दिवशी सकाळी बजेटचा अहवाल द्यायचा होता, त्यात मी अडकले होते. तिने 'ओके कोच' एवढंच उत्तर दिलं. उरलेला हंगामभर ती सरावाला वेळेवर आली, बाकीच्यांना प्रोत्साहन देत राहिली, आणि मे महिन्यात बॅग परत करून तिने गोल्फ सोडलं. जाताना भेटायला आली तेव्हा म्हणाली, "न निवडल्याचं मी पचवलं होतं. पण मी लायब्ररीत बसून तो मेसेज वाचला आणि त्यानंतर तीन आठवडे तुम्ही त्याबद्दल एक शब्द विचारला नाहीत."

त्या संघाने त्या वर्षी चांगली कामगिरी केली, माझं कौतुकही झालं. त्या कौतुकाचा मला आनंद घेता आला नाही. तेव्हापासून माझ्याकडे एक रीत आहे. यादी लागायच्या आधी सहाव्या आणि सातव्या मुलीला मी समोर बसवून सांगते. जेवणाच्या आधी सांगते, कारण रात्री उशिरा सांगितलेली गोष्ट रात्रभर मोठी होत जाते. कारण तिच्या स्वतःच्या आकड्यांत सांगते, उदाहरणार्थ शंभर यार्डांच्या आतून ग्रीनवर किती वेळा पोचली. जी निवडली गेली तिचं नाव त्या बोलण्यात घेत नाही. नंतर संघ बाहेर गेला की मागे राहिलेल्या चौघींसाठी सरावाचा वेगळा कार्यक्रम ठेवते आणि रोज संध्याकाळी हॉटेलमधून फोन करते, आधी त्यांचा दिवस कसा गेला ते विचारायला. हे काही मोठं तंत्र नाही. मला मात्र ते एका मुलीच्या मोबदल्यात कळलं, म्हणून तुला इतक्या विस्ताराने लिहिते आहे.

ज्यांना हे काम आवडत नाही असे कोच मी पाहिले आहेत. त्यांना स्पर्धेचा सोमवार आवडतो आणि त्या चौघी डोईजड वाटतात. हुशार माणसं असतात, पण पाच-सात वर्षांत थकून खासगी अकॅडमीत जातात. तिथे एका वेळी एकच खेळाडू समोर असते, तीही स्वतः पैसे देऊन आलेली. त्यात वाईट काहीच नाही. उलट तुला स्विंग शिकवायलाच मनापासून आवडत असेल तर तोच रस्ता घे. एलपीजीए किंवा पीजीए या व्यावसायिक गोल्फच्या संस्थांचं शिक्षकांचं प्रमाणपत्र कर. भारतात परतायचं असेल तर नॅशनल गोल्फ अकॅडमी ऑफ इंडियाचे अभ्यासक्रम आहेत, आणि मुलींना शिकवायला बाई हवी म्हणणारे पालक आता पुण्या-मुंबईतही भेटतात.

खेळाचं म्हणशील तर ७६ पुरेसे आहेत. संघातल्या मुली तुझ्याहून चांगल्या खेळतील आणि तसंच व्हायला हवं. तू त्यांना न्यायाने वागवतेस का आणि त्यांचा वेळ फुकट घालवत नाहीस ना, हे त्या बघतात. स्टॅनफर्डच्या अ‍ॅन वॉकर मूळच्या स्कॉटलंडच्या. कॅलिफोर्निया विद्यापीठाकडून, म्हणजे बर्कलीत खेळल्या, यूसी डेव्हिसमध्ये हेड कोच झाल्या, २०१२ मध्ये स्टॅनफर्डला गेल्या आणि २०१५, २०२२ व २०२४ मध्ये त्यांच्या संघाने राष्ट्रीय विजेतेपद जिंकलं. पुढे प्रोफेशनल झालेली रोझ झँग त्यांच्याकडे होती, २०२५ ची हौशी खेळाडूंची अमेरिकन राष्ट्रीय स्पर्धा यूएस विमेन्स अ‍ॅमॅच्युअर जिंकणारी भारतीय वंशाची मेघा गन्नेही त्यांच्याच संघातून खेळली. बाहेरून आलेली बाई इथे वरपर्यंत जाऊ शकते, हे आई-बाबांना दाखवायला हे उदाहरण उपयोगी पडेल. मला स्वतःला मात्र नॉर्थवेस्टर्नच्या एमिली फ्लेचर जास्त जवळच्या वाटतात. शिकागोजवळ, जिथे हिवाळ्यात कितीतरी आठवडे छताखालीच सराव करावा लागतो, तिथे त्या २००८ पासून आहेत. २०१७ मध्ये त्यांचा संघ अंतिम फेरीत अ‍ॅरिझोना स्टेटकडून हरला. विजेतेपद मिळालं ते २०२५ मध्ये, स्टॅनफर्डला ३-२ ने हरवून. मधल्या वर्षांत दर ऑगस्टला नव्या मुलींना तेच सगळं पहिल्यापासून समजावलं असणार. या व्यवसायात किती धीर लागतो ते यावरून कळेल.

रिक्रूटिंगबद्दल, म्हणजे संघासाठी नव्या मुली शोधण्याबद्दल थोडं सांगते, कारण माझ्या वर्षाचा सगळ्यात मोठा तुकडा त्यात जातो. मुलीच्या शाळेचं दहावीचं वर्ष संपल्यावर १५ जूनला तिच्याशी बोलायची परवानगी मिळते. त्याआधी आम्ही फेअरवेच्या कडेने मुकाट्याने चालत असतो. जुलैच्या उन्हात सलग तीन आठवडे मी ज्युनियर स्पर्धांत फिरते. स्कोअर घरबसल्या दिसतोच. मी बघायला जाते ते डबल बोगीनंतर, म्हणजे एका होलवर दोन फटके जास्त गेल्यावर, पुढच्या टीवर ती काय करते ते, आणि राउंड संपल्यावर वडिलांशी कशी बोलते ते. वडील तिच्याशी कसे बोलतात तेही. एकदा एक मुलगी ८१ मारून बाहेर आली आणि आधी तिने स्कोअर लिहिणाऱ्या काकूंचे आभार मानले, मग कोपऱ्यात जाऊन रडली. तिला मी घेतलं. चौथ्या वर्षी ती आमची कर्णधार होती. भारतातल्या मुलींशी बोलायचं तर पहाटे किंवा रात्री उशिरा फोन, आणि त्यांच्या पालकांना नववी ते बारावीच्या गुणपत्रिका व एनसीएएची १६ मूलभूत विषयांची अट समजावण्यात अर्धा वेळ. इथे तुझं मराठी-हिंदी तुला खरंच उपयोगी पडेल. भारतीय पालकांचे प्रश्न कुठून येतात हे तुला माहीत आहे.

आता पैसा आणि व्हिसा. इथे परिस्थितीप्रमाणे फार फरक पडतो, म्हणून जे नक्की आहे तेवढंच सांगते.

पगाराचा अंदाज लोकांना विचारून बांधू नकोस. बहुतेक राज्यांत सरकारी विद्यापीठांच्या कर्मचाऱ्यांचे पगार सार्वजनिक असतात. तुझ्या कॉन्फरन्समधल्या चार-पाच असिस्टंट कोचचे आकडे स्वतः काढ, आई-बाबांसमोर ठेव. बड्या आणि छोट्या विद्यापीठांतली दरी बघून तू चकित होशील. ग्रॅज्युएट असिस्टंट म्हणून मला फी माफ होती आणि हातात जे पडायचं त्यात भाडं आणि किराणा भागायचा. शिल्लक टाकायला असिस्टंट कोच झाल्याच्या दुसऱ्या वर्षी सुरुवात झाली. हेड कोच झाल्यावर बरं चाललं आहे, पण तुझ्या वर्गातल्या फायनान्सच्या मुलीशी बरोबरी होणार नाही. हे घरी आजच सांग. माझ्या बाबांना मी तीन वर्षं सांगितलं नव्हतं आणि त्या तीन वर्षांत आमचे फोन फार अवघड झाले होते.

व्हिसाचा मुद्दा तुझ्यासाठी पगाराहून तातडीचा आहे. पदवीनंतरचं १२ महिन्यांचं ओपीटी, म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच नोकरी करायची परवानगी, तुझ्या विषयाशी थेट संबंधित कामासाठीच वापरता येतं. बिझनेसच्या पदवीवर गोल्फ कोचिंगचं काम बसवणं कठीण आहे. म्हणून माझा सल्ला असा की स्पोर्ट मॅनेजमेंट किंवा किनेसिऑलॉजीत (शरीराच्या हालचालींच्या शास्त्रात) मास्टर्स आणि त्याबरोबर संघाची ग्रॅज्युएट असिस्टंटशिप, असा दोन वर्षांचा रस्ता धर. वरच्या पदवीवर ओपीटी पुन्हा मिळतं आणि ते मग कामाशी जुळतं. एफ-वन या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासच काम करता येतं. संघाबरोबर प्रवास सुरू झाला की ही मर्यादा ओलांडायला वेळ लागत नाही, तेव्हा तास कसे मोजले जाणार हे नेमणुकीआधीच लेखी विचार. "पैसे न घेता मदत करते, त्यात काय बिघडतं" असं वाटून कुठे उतरू नकोस. ज्या कामाचे एरवी पैसे मिळतात ते फुकट करणंही तुझ्या व्हिसाला बाधू शकतं. तसंही डिव्हिजन वनमध्ये स्वयंसेवक कोच हा प्रकार जुलै २०२३ पासून बंद झाला आहे.

पुढे एच-वन-बी, म्हणजे नोकरीचा व्हिसा. विद्यापीठं वार्षिक कोट्याच्या बाहेर असतात, त्यामुळे लॉटरीची टांगती तलवार नसते, ही मोठी सोय. पण त्या पदाला विशिष्ट विषयाची पदवी लागतेच, हे विद्यापीठाला सिद्ध करावं लागतं, आणि क्रीडा विभागातली माणसं त्यासाठी दर वेळी खटपट करतात असं नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेबाहेरच्या माणसांसाठीच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलर शुल्काचा आदेश निघाला. एवढं शुल्क गोल्फच्या असिस्टंट कोचसाठी कोण भरणार? म्हणून मध्येच घरी परतून मग नोकरी शोधायचा बेत असेल तर आधी इमिग्रेशनच्या वकिलाला भेट. नियम त्या आठवड्यात काय आहेत ते त्याच्याकडूनच घे, माझ्या लिहिण्यावर विसंबू नकोस.

हा व्यवसाय सध्या बदलाच्या मध्यात आहे, हेही लक्षात ठेव. माझ्या वेळेपासून डिव्हिजन वनमधल्या मुलींच्या संघाला सहा शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती. त्या सहा आम्ही आठ जणींत वाटायचो, कुणाला पूर्ण, कुणाला अर्धी. खेळाडूंनी एनसीएएवर घातलेल्या दाव्यात जून २०२५ मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीनंतर, ज्या विद्यापीठांनी ती स्वीकारली तिथे शिष्यवृत्त्यांची मर्यादा गेली आणि संघ जास्तीत जास्त नऊ जणींचा झाला. कागदावर नऊ पूर्ण शिष्यवृत्त्या देता येतात, प्रत्यक्षात देणं बजेटवर अवलंबून आहे. खेळाडूंना थेट पैसे देण्याची सोयही त्याच तडजोडीत आली आणि तो पैसा मुख्यतः फुटबॉल-बास्केटबॉलकडे जातो. बजेट आवळलं की पहिली कात्री आमच्यासारख्या खेळांना लागते, ही भीती मला खरोखर वाटते. शिवाय ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे विद्यापीठ बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंची नोंदणी, आल्यापासून दोन वर्षं घडवलेली मुलगी तिसऱ्या वर्षी मोठ्या विद्यापीठात जाऊ शकते. पहिल्यांदा असं झालं तेव्हा मी फार दुखावले होते. आता ती जाताना तिच्या नव्या कोचला फोन करून तिच्या मनगटाच्या दुखापतीबद्दल सांगते, काळजी घ्यायला सांगते.

मुलींच्या संघाला बाई कोच हवीच का, असंही तुझ्या प्रश्नात ओझरतं आलं होतं. ड्यूकचे डॅन ब्रुक्स १९८४ पासून कोच होते आणि त्यांच्या संघाने सात राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली, तेव्हा पुरुषांना हे जमत नाही असं म्हणणं चुकीचं ठरेल. पण इतिहास बघ. मुलींची पहिली राष्ट्रीय आंतरमहाविद्यालयीन गोल्फ स्पर्धा १९४१ मध्ये ओहायो स्टेटच्या ग्लॅडिस पामर यांनी भरवली. एनसीएएने मुलींची स्पर्धा सुरू केली ती १९८२ मध्ये. शिक्षणात स्त्री-पुरुष भेदभावाला बंदी घालणाऱ्या १९७२ च्या टायटल नाइन कायद्याआधी सगळ्या खेळांत मिळून मुलींच्या संघांच्या नव्वद टक्क्यांहून जास्त कोच बायकाच होत्या. कायद्यामुळे मुलींच्या खेळात पैसा आला, पगारी पदं आली, आणि त्या पदांवर पुरुष आले. बायकांचं प्रमाण चाळिशीच्या घरात उतरलं. अ‍ॅरिझोना स्टेटच्या लिंडा व्होलस्टेड यांच्यासारख्या, १९९० च्या दशकात सहा विजेतेपदं मिळवणाऱ्या बाई होत्या म्हणून पुढच्या मुलींना हे आपलं काम वाटू शकलं. माझ्या संघातली एखादी मुलगी पाळी, खाणं, वजन, घरची आठवण यांबद्दल माझ्या खोलीचं दार वाजवून बोलते, तेव्हा तू या कामात यावंस असं मला मनापासून वाटतं.

आई-बाबांना काय सांगायचं, याचं उत्तर वर येऊन गेलं आहे. पगाराचे खरे आकडे, मास्टर्सचा आराखडा, आणि दोन वर्षांनी पुन्हा विचार करायची मुदत. पी.टी.च्या बाईंचा उल्लेख त्यांनी ज्या सुरात केला तो मला बोचला. शाळेत मला पहिल्यांदा मैदानावर थांबवून "तू खेळ, मी घरी फोन करते" म्हणणाऱ्या माझ्या पी.टी.च्या बाईच होत्या.

मे महिन्याच्या आत दोन गोष्टी कर. ग्रॅज्युएट असिस्टंटशिपसाठी आत्ताच लिहायला लाग. डिव्हिजन टूच्या, म्हणजे एक पायरी खालच्या गटातल्या कोचना आधी लिही, कारण तिथे हाताखाली माणसं कमी असतात आणि तुला पहिल्या महिन्यापासून सगळं करायला मिळेल. माझं सगळ्यात जास्त शिक्षण तिथेच झालं. दुसरी गोष्ट तुझ्या कोचच्या परवानगीने कर. पुढच्या स्पर्धेच्या क्वालिफायिंगचे सगळे स्कोअर घे, यादी लागायच्या आधी तुझी स्वतःची पाच नावं लिहून काढ, आणि त्याखाली सहाव्या मुलीला समोर बसवून तू काय सांगशील ते शब्दशः लिही. ती सहावी मुलगी तुझी रूममेट असेल तरी लिही. कदाचित त्या जागी तुझंच नाव येईल. तसं झालं तर कोचच्या तोंडून तुला काय ऐकायला हवं आहे ते लिही. लिहून झालं की मला पाठव, मी वाचून सविस्तर उत्तर देईन.